चुकलेला नेम

परवां आमच्या घरांतील तरुण मंडळी एक दुःखपर्यवसायी नाटक पाहून रात्रीं उशिरां परत आली. सर्वांचे डोळे लाल झाले होते, आणि धाकट्या सुनेला तर पानावर बसल्यावरही हुंदका आवरेना. आमच्या आत्याबाईंनीं हा प्रकार पाहिला आणि त्या सहज बोलून गेल्या, "घरांत रडायला कारणें का थोडीं आहेत, कीं तिकिटाचे पैसे भरून परक्याच्या दुःखावर रडायला जावें?" कोणी हंसलें, कोणी वाद घालूं लागलें, परंतु नीट उत्तर कोणालाच देतां आलें नाहीं. मलाही नाहीं. मागाहून अंथरुणावर पडल्यापडल्या मनांत आलें, कीं आत्याबाईंचा हा प्रश्न आजचा नव्हे. सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं ग्रीस देशांतील अथेन्स नगरांत तो असाच उभा राहिला होता, आणि त्याचा विचार करतां करतां एका तत्त्ववेत्त्याच्या हातून जगांतील एक चिरंजीव ग्रंथ निर्माण झाला. ह्या महिन्यांत त्याचीच हकीकत वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे.

इ. स. पू. ४९४ मध्यें आशियाच्या किनाऱ्यावरील मायलेटस हें ग्रीक नगर इराणी फौजांनीं घेतलें व उध्वस्त केलें. मायलेटसचे लोक म्हणजे अथेन्सकरांचे भाऊबंदच. थोड्याच काळानें फ्रिनिकस नांवाच्या कवीनें ह्या प्रसंगावर नाटक रचून अथेन्सच्या रंगभूमीवर आणलें, तेव्हां सारा प्रेक्षकसमूह रडूं लागला. हिरोडोटस ह्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे, कीं घरच्याच दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल लोकांनीं कवीस एक हजार द्राक्मा दंड केला, आणि तें नाटक पुन्हां कोणीं करूं नये असें ठरविलें. त्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राक्मा होती. त्यावरून दंड केवढा जबर होता हें ध्यानांत येईल. परंतु ह्याच अथेन्सनें पुढें इ. स. पू. ४७२ मध्यें एस्किलस कवीस पहिलें बक्षीस दिलें, तें ज्या नाटकांबद्दल, त्यांतील एकाचा विषय इराणी राजघराण्याचा शोक हा होता. इ. स. पू. ४८० मध्यें सालामिसच्या आरमारी लढाईंत अथेन्सकरांनीं ज्यांचा पराभव केला, त्याच शत्रूंचा हा शोक! स्वतःचें ताजें दुःख रंगभूमीवर पाहवलें नाहीं. शत्रूचें दुःख मात्र पाहवलें, इतकेंच नव्हे तर त्याचा गौरव झाला. रडण्यारडण्यांत कांहीं तरी भेद आहे खास.

अथेन्समध्यें नाटक ही रोजची करमणूक नव्हती. वसंत ऋतूंत डायोनायसस देवाचा मोठा उत्सव भरे. अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरील उघड्या नाट्यगृहांत तीन कवींची स्पर्धा होई. प्रत्येकानें तीन गंभीर नाटकें आणि शेवटीं एक थट्टेचें नाटक सादर करावें अशी चाल होती. म्हणजे नगर एकत्र बसून अश्रु ढाळी, आणि हेंच प्लेटोला खटकलें. 'रिपब्लिक' ह्या आपल्या संवादांत तो विचारतो, कीं शहाणा मनुष्य स्वतःवर संकट कोसळलें असतां चार लोकांत अश्रु आवरतो व तें त्याला शोभतें. मग तोच मनुष्य नाट्यगृहांत परक्याचा आक्रोश ऐकून मोकळेपणीं रडतो आणि वर कवीची स्तुति करतो, ही रीत कोणती? जे विकार सुकवून टाकावयाचे, त्यांनाच नाटक पाणी घालतें. सबब आदर्श नगरांत देवांचीं स्तोत्रें आणि सज्जनांच्या स्तुति ह्यांपलीकडे काव्य नसावें, असा त्याचा निकाल आहे. मात्र प्लेटो स्वतः काव्याचा मोठा भोक्ता होता. त्यामुळें त्यानें दार किंचित् उघडें ठेविलें: काव्याच्या कैवाऱ्यांनीं साध्या गद्यांत सिद्ध करून दाखवावें, कीं काव्य केवळ सुखकर नव्हे, तर हितकरही आहे, आम्ही आनंदानें ऐकून घेऊं.

हें आव्हान त्याच्या शिष्यानेंच स्वीकारिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. आरिस्टॉटल इ. स. पू. ३८४ मध्यें स्टॅगिरा गांवीं जन्मला, सतरा-अठरा वर्षांचा असतां प्लेटोच्या विद्यापीठांत आला, आणि गुरूच्या मृत्यूपर्यंत सुमारें वीस वर्षें तेथें राहिला. त्याचा 'काव्यशास्त्र' हा ग्रंथ आज छापला असतां लहानशा पुस्तिकेएवढा भरतो. त्यांत सव्वीस प्रकरणें असून भाषा अशी त्रोटक आहे, कीं वर्गांत शिकवितांना जवळ ठेवावयाचीं टिपणेंच तीं असावींत. विनोदी नाटकाविषयीं पुढें सांगेन असें वचन त्यांत आहे, परंतु तो भाग काळाच्या उदरांत गडप झाला. ज्यांस हा ग्रंथ मराठींतून वाचावयाचा असेल, त्यांच्यासाठीं कविवर्य विंदा करंदीकर ह्यांनीं त्याचें भाषांतर १९५७ मध्यें प्रसिद्ध केलें आहे.

गुरूशीं वाद घालतांना आरिस्टॉटल गुरूचें नांवही काढीत नाहीं. एखाद्या वैद्यानें शरीराचे अवयव दाखवावे तसे तो ट्रॅजेडीचे सहा अवयव सांगतो: संविधानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. ह्यांपैकीं श्रेष्ठ कोणता? आपण बहुतेक स्वभावचित्रण म्हणूं. नाटक पाहून आल्यावर 'अमक्याची भूमिका काय सुंदर आहे!' असेंच आपण बोलतों. आरिस्टॉटल मात्र निःसंदिग्धपणें सांगतो, कीं संविधानक हाच ट्रॅजेडीचा आत्मा; स्वभावाचा क्रम दुसरा. कारण नाटक हें माणसांचें अनुकरण नसून कृतीचें व जीविताचें अनुकरण आहे. मनुष्य कसा आहे हें त्याच्या स्वभावावरून ठरत असेल, परंतु तो सुखी होतो कीं दुःखी, हें त्याच्या कृतींवरून ठरतें. त्यानें चित्रकलेचा दाखला दिला आहे. सुंदर रंग वाटेल तसे फांसले, तर साध्या पांढऱ्या रेषांच्या आकृतीइतकाही आनंद त्यांपासून होत नाहीं. आमच्या गृहिणींना हें रांगोळीवरून तत्काळ पटेल: ठिपके चुकले म्हणजे रंग कितीही उंची असोत, रांगोळी साधत नाहीं.

संविधानक म्हणजे नुसती घटनांची माळ नव्हे. त्याला आदि, मध्य व अंत असावा, आणि एकांतून दुसरें अपरिहार्यपणें किंवा निदान संभवनीयपणें निघावें. 'ह्यानंतर तें घडलें' आणि 'ह्यामुळें तें घडलें' ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, असें तो बजावतो. एकाच नायकाच्या आयुष्यांत शेंकडो गोष्टी घडतात. त्या एकत्र केल्यानें गोष्ट एक होत नाहीं. स्थल, काल आणि कृति ह्या तीन ऐक्यांचा कडक नियम त्याच्या नांवावर खपविला जातो, पण तो नियम कास्टेल्वेत्रो ह्या इटालियन पंडितानें १५७० मध्यें घालून दिलेला आहे. आरिस्टॉटलचा आग्रह केवळ कृतीच्या ऐक्याविषयीं होता. नाटकाची गांठ सुटावयाची ती कथानकाच्या आंतूनच सुटली पाहिजे. युरिपिडीजच्या 'मीडिया' नाटकाच्या शेवटीं नायिका दिव्य रथांत बसून निसटून जाते, ह्याला त्यानें स्पष्ट दोष दिला आहे.

येथवर हें सर्व नाट्यकारांच्या उपयोगाचें झालें. आपल्यासारख्या घरगृहस्थीच्या माणसांस त्याचें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढील प्रकरणांत आहे. संविधानकांत कोणाच्या नशिबाचा फेरा दाखवावा? आरिस्टॉटल एकेक पर्याय घेऊन बाजूला सारतो. निष्कलंक सज्जन सुखांतून दुःखांत पडलेला दाखविला, तर त्यानें दया किंवा भीति न उपजतां मनाला केवळ धक्का बसतो. दुष्ट मनुष्य दुःखांतून सुखांत गेला, तर त्याहून विपरीत कांहींच नाहीं. पक्का दुष्ट सुखांतून दुःखांत पडला, तर आपल्या न्यायबुद्धीला बरें वाटतें, पण डोळ्यांत पाणी येत नाहीं. कां? दया उत्पन्न होते ती, ज्याच्या वांट्याला न शोभणारें दुःख आलें त्याच्याविषयीं. आणि भीति वाटते ती, जो आपल्यासारखाच आहे त्याच्यासाठीं. म्हणून उरतो तो मधला मनुष्य. तो सद्गुणाचा पुतळा नाहीं, तसाच दुर्जनही नाहीं. आणि त्याचा नाश दुष्टपणामुळें होत नाहीं, तर एखाद्या 'हामार्तिया'मुळें होतो.

ह्या एका शब्दावर विद्वानांनीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. तो ज्या क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणें असा आहे. होमरच्या युद्धवर्णनांत वीरानें फेंकलेला भाला लक्ष्याला न लागतां बाजूला गेला, म्हणजे हेंच क्रियापद येतें. पुढें काही शतकांनीं ख्रिस्ती धर्माच्या नव्या करारांत हाच ग्रीक शब्द 'पाप' ह्या अर्थानें रूढ झाला. आणि अलीकडे शाळा-कॉलेजांतून 'नायकाच्या स्वभावांतील दोष' असा त्याचा अर्थ शिकविण्याची वहिवाट पडली. चुकीचा दोष झाला, दोषाचें पाप झालें! हा केवळ शब्दार्थाचा घोटाळा नाहीं. दुःखांत पडलेल्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेनें पाहावें, हा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

आरिस्टॉटलचें आवडतें उदाहरण सॉफोक्लीजचा 'ईडिपस राजा' हें आहे. थीब्जच्या लेयस राजाला भविष्य कळलें, कीं आपल्याच मुलाच्या हातून आपणांस मरण आहे. म्हणून त्यानें तान्ह्या मुलाचे घोटे विंधून त्याला डोंगरावर टाकून देण्यासाठीं एका धनगराच्या स्वाधीन केलें. धनगराला दया आली. त्यानें तें पोर कॉरिंथच्या दुसऱ्या धनगराला दिलें, आणि तेथील निपुत्रिक राजाराणींनीं तें आपलें म्हणून वाढविलें. पुढें एका दारुड्यानें भर मेजवानींत ईडिपसच्या जन्माविषयीं कुजकें बोल काढले. ईडिपस डेल्फीच्या देवस्थानीं खरें काय तें विचारावयास गेला. उत्तर मिळालें तें हें, कीं तूं बापाला मारशील आणि आईशीं लग्न करशील. तो भयानें व्याकुळ झाला आणि हें घोर पातक टळावें म्हणून कॉरिंथला परत गेलाच नाहीं. वाटेंत तीन रस्ते मिळतात तेथें रथांतील एका उद्दाम म्हाताऱ्याशीं त्याचें भांडण झालें. म्हाताऱ्यानें आधीं वार केला, ईडिपसनें उलट त्याला ठार केलें. तो लेयस होता. नंतर स्फिंक्स राक्षसीचें कोडें सोडवून ईडिपसनें थीब्जचें संकट निवारिलें, तेव्हां कृतज्ञ प्रजेनें त्याला राज्य दिलें आणि विधवा राणी जोकास्टा पत्नी म्हणून दिली.

नाटक सुरू होतें तें ह्यानंतर पुष्कळ वर्षांनीं. नगरांत मरी पसरली आहे आणि राजा प्रजेसाठीं तळमळून कारण शोधतो आहे. मग कॉरिंथचा निरोप्या येतो: तेथील राजा वृद्धापकाळानें वारला, आतां तुम्हीच राजे. ईडिपसला हायसें वाटतें, पण आईविषयींचें भय उरतेंच. तें भय दूर करावें म्हणून निरोप्या मोठ्या प्रेमानें म्हणतो, कीं तिला भिण्याचें कारण नाहीं, ती तुमची जन्मदात्री नव्हेच. मींच तुम्हांला एका धनगराकडून घेऊन तेथें पोंचविलें. धीर देण्यासाठीं उच्चारलेल्या ह्या शब्दांनींच सर्वनाश होतो. जोकास्टा आधीं समजते आणि निमूटपणें आंत जाते; ईडिपस उशिरां समजतो. नशिबाचा पालट आणि खऱ्या नात्याची ओळख हीं दोन्हीं येथें एकाच क्षणीं येतात, म्हणून आरिस्टॉटल ह्या संविधानकाला उत्कृष्ट म्हणतो. गंमत अशी, कीं ज्या स्पर्धेंत हें नाटक झालें तींत सॉफोक्लीजचा दुसरा क्रमांक आला, अशी जुनी नोंद आहे!

आतां वाचकांनीं बोट ठेवून सांगावें, पाप कोणाचें? ईडिपस रस्त्यावर संतापला, हें खरें. पण संतापी माणसें पुष्कळ असतात आणि त्यांच्या घरीं असा प्रलय होत नाहीं. तो पळाला तो पाप टाळण्यासाठीं. त्यानें शोध केला तो प्रजेच्या कल्याणासाठीं. आणि मागें मागें जाऊन सांखळीचें पहिलें कडें शोधूं लागलों, तर तेथें जवळच सांपडते ती धनगराची दया. स्वभावापेक्षां संविधानक आधीं पाहा, ह्या नियमाचें मर्म मला येथें दिसतें. मनुष्य कसा आहे हें ठरविण्यापूर्वीं काय घडलें आणि कशामुळें घडलें, हें समजून घ्या. तें समजलें, कीं निवाडा करणारी जीभ आपोआप थबकते, आणि ही वेळ आपल्यावरही येऊं शकली असती अशी जाणीव अंगावर कांटा उभा करते. दया आणि भीति ह्यांची 'कॅथार्सिस' म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती ह्यांतूनच साधते. ह्या शब्दाचा खुलासा ग्रंथांत शिल्लक राहिलेला नाहीं. वैद्यकाच्या अंगानें त्याचा अर्थ विरेचन असा करतात. दुसरे कित्येक चित्तशुद्धि असा करतात. कोणताही घ्या, प्लेटोला उत्तर मिळतेंच: नाटक विकारांना नुसतें पाणी घालीत नाहीं, तें त्यांना वळण लावतें. आपल्या दशरूपकानें वस्तु, नेता व रस ह्यांवरून रूपकांचे भेद केले आणि आपल्या परंपरेनें रसाला मुख्य मानिलें. आरिस्टॉटलनें वस्तूला मुख्य मानिलें. परंतु करुणरसानें द्रवलेला सहृदय आणि हा ग्रीक प्रेक्षक हे एकमेकांना परके वाटणार नाहींत.

हें मीं पुस्तकी पांडित्य म्हणून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या नात्यांतील एका गृहस्थांना राहतें घर विकून भाड्याच्या दोन खोल्यांत जावें लागलें. त्यावर आमच्या माजघरांत आणि ओसरीवर पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणालें, मूळचाच हात सैल. कोणी म्हणालें, व्यवहाराची अक्कल नव्हती. कोणीं घरांतील बायकामाणसांच्या हौसेकडे बोट दाखविलें. मींही मान डोलाविली. दोष सांपडला म्हणजे मनाला किती स्वस्थता वाटते! त्याच्यांत होता तो दोष आपल्यांत नाहीं. म्हणजे आपलें घर सुरक्षित. वर्षभर आमच्यापैकीं कोणी त्यांच्या दारीं गेलें नाहीं. पुढें एका लग्नांत त्यांच्या पत्नी भेटल्या, तेव्हां खरी हकीकत कळली. एका स्नेह्याच्या मुलाचें शिक्षण अडूं नये म्हणून त्यांनीं कर्जाला जामीन म्हणून सही दिली होती. स्नेही अकस्मात् वारला आणि सारा बोजा ह्यांच्यावर आला. पाप नव्हे, उधळेपणा नव्हे. नेम चुकला एवढेंच. आणि सांखळीच्या पहिल्या कड्याशीं पुन्हां तीच धनगराची दया. बाई हें सांगतांना रडल्या नाहींत. मला मात्र मान वर करवेना.

'ओळख' उशिरां पटली म्हणजे काय होतें, हें ईडिपसनें दाखविलें. पण आरिस्टॉटलनें दुसरा प्रकारही सांगितला आहे, आणि चौदाव्या प्रकरणांत तर तो त्यालाच सर्वांत उत्तम म्हणतो: घोर कृत्य हातून घडणार तोंच ओळख पटते आणि हात थांबतो. युरिपिडीजच्या एका नाटकांत इफिजेनिया दूर टॉरिस देशीं देवीची पुजारीण आहे. तेथें येणाऱ्या परक्यांचा बळी द्यावयाचा. दोन ग्रीक तरुण पकडून आणले जातात. त्यांपैकीं एकाला सोडून त्याच्याबरोबर घरीं पत्र धाडावें असें ती ठरविते, आणि पत्र वाटेंत हरवलेंच तर निरोप तरी पोंचावा म्हणून मजकूर तोंडीं सांगते. तो ऐकतांच ज्याचा बळी जावयाचा, तो तिचा सख्खा भाऊ ओरेस्टीज निघतो. एका मजकुराच्या वाचनानें बहिणीचा हात थांबला. मला वाटतें, चांगलें नाटक हें आपल्या घरीं आलेलें असेंच पत्र आहे. तें वेळेवर ऐकलें, तर एखाद्या भावाचा बळी देण्यापूर्वीं आपण त्याला ओळखूं.

दुसऱ्या दिवशीं तिसरे प्रहरीं आत्याबाई वाती वळीत बसल्या होत्या, तेव्हां मीं त्यांना ईडिपसची गोष्ट सांगितली. आरिस्टॉटलचें नांवही काढलें नाहीं. त्या मध्यें एक शब्द बोलल्या नाहींत. ईडिपसनें राणीच्या वस्त्राच्या सोन्याच्या टांचण्यांनीं आपले डोळे फोडून घेतले, तेथें गोष्ट आली आणि त्यांचा हात थांबला. थोड्या वेळानें म्हणाल्या, "त्या धनगराचें तरी काय चुकलें रे? तान्हें पोर डोंगरावर कोण टाकील?" मग पदरानें डोळे टिपून त्यांनीं पुन्हां कापूस हातीं घेतला आणि विचारलें, "पण त्याला लेकी होत्या ना? त्या पोरींचें पुढें कसें झालें?"

लेकी होत्या. त्यांतील थोरलीचें नांव अँटिगोनी. तिची हकीकत पुढील अंकीं.